बाळंतीण विट्याला, डॉक्टर पुण्यात : एका शोधाचं प्रकरण

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत बाईच्या सोयीची आहे, यात वाद नाही. पण त्या रीतीमुळे ऐन मोक्याला बाईचं गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, फाइल बदलते. तीन-चार महिन्यांनी हेच सगळं उलट्या दिशेने पुन्हा घडतं. सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीत घालून नेता येतात. मनाच्या त्रासाबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलेलं नसेल तर काय नेणार? पुढचं प्रकरण मुख्यतः या प्रश्नाचं आहे, आणि बाळंतपणात नैराश्य आलेल्या बाईसाठी योग्य डॉक्टर आणि समुपदेशक शोधण्याचं.

हे कुणा एका बाईचं प्रकरण नाही. समुपदेशन शिकणाऱ्यांना आणि घरच्यांना चर्चेला घेता यावं म्हणून सर्रास आढळणारे तपशील जुळवून ते रचलं आहे. त्यामुळे माणसांना नावं नाहीत, नात्यांवरूनच ओळखायचं. कायदे, संशोधन आणि हेल्पलाइनचा नंबर मात्र खरे आहेत.

बाई आणि तिची माणसं

वय २८, शिक्षण बी.कॉम., पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी. नवरा चाकणच्या कारखान्यात, पाळ्या बदलत्या. धायरीला फ्लॅट, घरात सासूबाई. माहेर सांगली जिल्ह्यात, विट्याजवळच्या गावात. त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांसारखाच तिचा भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, तामिळनाडूत. गावी वडील शेती बघतात. आई आणि वहिनी घरी असतात. वहिनीचा मुलगा दोन वर्षांचा.

विसाव्या वर्षी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात, ती चार-पाच महिने जवळजवळ अंथरुणालाच खिळली होती. झोप नाही, जेवण नाही, परीक्षा हुकली. सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी बरं वाटलं आणि बरं वाटल्यावर गोळ्या घरच्यांनीच बंद केल्या. लग्न ठरताना ही गोष्ट सासरी सांगितली नाही. अशा गोष्टी आपल्याकडे सांगत नाहीत, आणि का सांगत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुण्यात नाव घातलेल्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत विचारलं गेलं, ‘पूर्वीचा काही आजार?’ सासूबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. ती म्हणाली, ‘काही नाही.’ पुढच्या प्रत्येक भेटीला सासूबाई प्रेमाने सोबत आल्या, त्यामुळे ते ‘काही नाही’ फाइलवर कायम राहिलं. पूर्वी नैराश्य येऊन गेलेलं असणं ही बाळंतपणातल्या नैराश्याच्या सगळ्यात मोठ्या पूर्वसूचनांपैकी एक मानली जाते. नेमकी तीच माहिती एका खुर्चीमुळे अडली. वजन-रक्तदाब बघताना नर्सने बाईला दोन मिनिटं एकटीला आत घेतलं असतं तर हे प्रकरण कदाचित लिहावंच लागलं नसतं. या एवढ्या उपायाला पैसे लागत नाहीत, जादा माणूसही लागत नाही.

पाचव्या महिन्यापासून

पाचव्या महिन्यात रात्रीची जाग सुरू झाली. सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित होतं, तरी ती पहाटे तीनला उठून मोबाइलवर ‘पोटात बाळ हलत नाही’ असलं काहीतरी शोधत बसायची. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ‘पहिलटकरणीला असं होतंच’ हे उत्तर मिळालं. कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची सोय होती. तिने गुपचूप दोन सत्रं घेतली, दुपारच्या सुटीत, मीटिंगची खोली आतून लावून. समुपदेशक बरी होती, चांगलं ऐकून घ्यायची. कॉलेजातल्या आजारपणाबद्दल गरोदरपणाच्या सगळ्या काळात तिने ज्या एकाच व्यक्तीला सांगितलं, ती हीच.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि ती विट्याला आली. समुपदेशनाची सोय ऑफिसच्या लॅपटॉपवरून होती. लॅपटॉप रजेवर जाताना जमा झाला. तिसरं सत्र झालंच नाही. पुढे कोण बघणार, कुणाला कळवायचं, हे समुपदेशकाने विचारलं नाही, तिलाही सुचलं नाही. पहिला धागा इथे सुटला, तोही कुणी काही चुकीचं न करता.

बाळंतपण

विट्यातल्या खासगी दवाखान्यात सीझर झालं. मुलगी, वजन अडीच किलोच्या वर, सगळं ठीक. माहेरी मुलगी म्हणून कुणी ब्र काढला नाही. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, ‘पहिली बेटी, धनाची पेटी!’ त्या मनापासूनच म्हणाल्या असतील. पण न मागितलेलं सांत्वन कानाला लागायचं तसं लागलंच. गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि बाळ मुलगी असणं, या तिन्हींचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे ही गोष्ट आपल्या शेजारच्या घरांमध्येच मोजली गेलेली आहे. २०१७ साली भारतभरच्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास निघालं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येऊ लागलं. यात वावगं काही नव्हतं. पुष्कळ बायकांना येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. इथे बारसं झालं, पाहुणे गेले, डिंकाचे लाडू संपत आले, तरी ते ओसरलं नाही. शेकशेगडी, धुरी, कानाला फडकं, अळिवाची खीर हे सगळं आई निगुतीने करत होती. बाळ झोपलं तरी बाळंतिणीला झोप येत नव्हती, आणि डॉक्टरला खटकायला हवी अशी खूण हीच. बाळ रडतं म्हणून जागी राहणारी आई थकलेली असते. बाळ गाढ झोपलेलं असताना टक्क जागी असणाऱ्या आईकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

पाचव्या आठवड्यात विचार सुरू झाले. जिन्यावरून जाताना ‘ही हातातून सुटली तर’, विळीजवळ बसल्यावर ‘माझ्या हातून काही झालं तर’. ती जिना चढेनाशी झाली, स्वयंपाकघरात जाईनाशी झाली, बाळाला आंघोळ घालायला नको म्हणू लागली. घरात अर्थ निघाला, ‘हिला बाळाची माया नाही.’ खरं तर मायेपोटीच तिने विळी सोडली होती.

आशाताईने काय पाहिलं

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा कार्यकर्तीने घरी सहा भेटी द्यायच्या असतात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मुख्य लक्ष बाळावर : वजन, ताप, नाळ, दूध ओढतं का. या आशाताई गावातल्याच, दोन मुलांच्या आई. बेचाळिसाव्या दिवशी वजनकाटा पिशवीत टाकता टाकता दारात वहिनीला म्हणाल्या, ‘पोरगी नजरेला नजर देत नाय गं. आणि पोरीकडंबी बघत नाय.’ शोधाची सुरुवात या वाक्यापासून झाली.

शोध वहिनीने केला. बाळंतिणीने केला नाही आणि तिला करताही आला नसता. डोळे जातील म्हणून मोबाइल आईच्या ताब्यात. आणि हातात असता तरी ज्या बाईला कूस बदलायचा उत्साह नाही ती अनोळखी दवाखान्यांना फोन लावत बसेल, ही अपेक्षाच वेडेपणाची. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले तिलाच उद्देशून असतात : ‘स्वतःसाठी योग्य थेरपिस्ट कसा निवडाल.’ याबाबत माझं मत ठाम आहे. यादी करायची, फोन करायचे, फी विचारायची, गाडी ठरवायची हे दुसऱ्याने करावं. कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, हे मात्र तिने ठरवावं.

शोध

पहिलं नाव इन्स्टाग्रामवरून आलं. ‘मॉम वेलनेस कोच’, पुण्याची. आठ सत्रांचं पॅकेज, पैसे आधी, आणि औषधांशिवाय पूर्ण बरं करण्याची हमी. वहिनीने शिक्षण विचारलं तेव्हा तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र आलं. तिने फोन ठेवला. शिक्षणाने ती बारावी, पण हमी देणारा माणूस कसा असतो हे गलाईवाल्यांच्या घरात कळतंच.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण घरोघरी घोटाळा इथेच होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. हे औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ही परिषद १९९२च्या कायद्याने आली. नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी रागावण्याचं कारण नाही. एम.ए. मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेले समुपदेशक यांच्यात उत्तम माणसंही आहेत आणि यथातथाही. ‘थेरपिस्ट’ ही पाटी लावायला मात्र व्यवहारात कुणी अडवत नाही. बाळंतिणीसाठी शोध असेल तर माझ्या मते पहिली भेट डॉक्टरचीच असावी, कारण थायरॉइड, रक्तक्षय, ताप, उन्माद हे आधी वगळावं लागतं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडला की थकवा, धडधड, रडू हे सगळं नैराश्यासारखंच दिसू शकतं. बोलण्याचे उपचार त्यानंतर किंवा जोडीने.

दुसरं नाव पुण्यातल्या एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंचं. नोंदणी होती, गरोदर आणि बाळंत बायकांसोबत कामाचा अनुभव होता. पण पहिली वेळ चार आठवड्यांनी, आणि संभाषण बहुतांशी इंग्रजीतून. आमच्या बाईला ऑफिसचं इंग्रजी उत्तम येत होतं. ‘जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, आतून कोणीतरी ओढल्यासारखं होतं’ यासाठी ते इंग्रजी कामाचं नव्हतं. वहिनीने तिथे एक प्रश्न विचारला, जो या सगळ्या शोधातला सगळ्यात उपयोगी ठरला : ‘मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर कुणाला जमेल?’ पलीकडून एका मराठी बोलणाऱ्या सहकारी मानसशास्त्रज्ञाचं नाव आलं. ते वहिनीने घरातल्या एका जुन्या वहीत लिहून ठेवलं.

तिसरे, विट्यातले घरचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी दहा दिवसांच्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. झोप लागली, पण सकाळी बाळाला घेताना हात जड व्हायचे, त्याने भीती वाढली. बाळंतीण किती दूध पाजते, हे कुणी विचारलंच नव्हतं. मधल्या काळात दृष्ट काढून झाली, लिंबू उतरवून झालं, एका जाणत्याकडे नेऊन आणलं. वहिनीने त्याला विरोध केला नाही. ‘आई, तेबी करू आणि हेबी करू,’ हे तिचं धोरण. वाद घालून तिने घर दुभंगू दिलं असतं तर सांगलीची गाडी ठरलीच नसती.

आठव्या आठवड्यात एका रात्री बाळंतीण वहिनीला म्हणाली, ‘हिला माझ्यापासून लांब ठेव.’ वहिनीने १४४१६ लावला. ही टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्यातल्या सरकारी सेवेकडे जोडून देतात. वहिनीला तीन गोष्टी विचारल्या गेल्या : तिला कुणाचे आवाज ऐकू येतात का, कुणीतरी बाळाचं काही करायला सांगतंय असं ती म्हणते का, आणि स्वतःच्या जिवाबद्दल काही बोलली का. पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही. तिसऱ्याचं माहीत नाही. ‘आज रात्री एकटी ठेवू नका आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा,’ असं सांगितलं गेलं. फोनवरून उपचार झाले नाहीत, होणारही नव्हते. पण ‘बघू, चार दिवसांनी’ हे वाक्य घरातून त्या रात्रीपासून गेलं.

सांगली

विटा ते सांगली एसटीने दीड-दोन तास. भाड्याची गाडी केली. बाळ, बाळंतीण, आई, वहिनी. मानसोपचारतज्ज्ञांनी आधी सगळ्यांना एकत्र ऐकलं, मग आईला आणि वहिनीला बाहेर बसवलं. पुण्याच्या दवाखान्यात न झालेली दोन मिनिटं इथे चाळीस मिनिटं झाली. कॉलेजचं आजारपण निघालं, ऑफिसमधली दोन सत्रं निघाली.

एडिनबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मापनीची मराठी प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली तयार झालेली ही मापनी दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दलची, ३० गुणांची. सहसा १३ किंवा अधिक गुण आले की नीट तपासणी हवीच असं मानतात. भाषा आणि समाज बदलला की ही रेषा थोडी इकडेतिकडे होते. तिचे १९ आले. पण डॉक्टरांचं लक्ष बेरजेकडे नव्हतं, दहाव्या प्रश्नाकडे होतं. तो स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा. शून्याव्यतिरिक्त कोणतंही उत्तर आलं की सरळ विचारायचं. तिने ‘क्वचित’वर खूण केली होती. डॉक्टरांनी विचारलं, ती बोलली. असा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही समजूत खोटी आहे. विचारल्यावर बायका बहुधा सुटकेचा श्वास टाकतात. त्या संध्याकाळी वडिलांनी शेतातली फवारणीची औषधं घराशेजारच्या खोपट्यातून हलवून लांबच्या रानातल्या खोलीत कुलपात ठेवली. पूर्ण उपचारातलं हे सगळ्यात बिनखर्चाचं आणि कदाचित सगळ्यात मोलाचं पाऊल.

बाळाला इजा होईल या विचारांचं काय? डॉक्टरांनी विचारलं, ‘विचार आला की तसं करावंसं वाटतं, की भीती वाटते?’ ती रडायला लागली. नको असताना घुसणारे, स्वतःलाच किळस आणणारे असे विचार नव्या आयांमध्ये फार आढळतात आणि त्यांनी सहसा बाळाला धोका नसतो. बाळंतपणातला उन्माद ही वेगळी गोष्ट : हजारी एक-दोन बायकांना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. त्यात भ्रम, आवाज, गोंधळ, दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणं असं दिसतं. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय. त्या वेळी घरच्यांना भीती असते की बाळ हिरावलं जाईल. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे २०१८मध्ये लागू झाला, स्पष्ट सांगतो की उपचार घेणाऱ्या आईला तीन वर्षांखालच्या मुलापासून सर्वसाधारणपणे वेगळं करू नये. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर आई आणि बाळाला एकत्र दाखल करणारा कक्ष २००९पासून आहे. आपल्याकडे असे कक्ष किती कमी आहेत हा वेगळा, आणि चीड आणणारा, विषय.

मग आईला आत बोलावून डॉक्टरांनी घराण्याबद्दल विचारलं. आई बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘माझ्या बहिणीला बाळंतपणात डोक्यावर परिणाम झाला होता.’ मावशीचं हे आजारपण मुलीलाही माहीत नव्हतं. घराण्यात असा उन्माद असेल तर डॉक्टर नुसतं नैराश्याचं औषध सहज सुरू करत नाहीत. आधी हिला स्वतःला कधी झोप नसतानाही भलता उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च असं काही झालं होतं का, हे खोदून बघतात. कारण द्विध्रुवीय आजारात, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य येणाऱ्या आजारात, ते औषध उलटू शकतं. तसं काही निघालं नाही. रक्त तपासलं, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन कमी. औषध कमी मात्रेने सुरू झालं, आठवड्याने फोन आणि दोन आठवड्यांनी भेट ठरली. आवाज, भ्रम, अचानक उत्साह यातलं काही दिसलं तर लगेच यायचं, हे वहिनीच्या वहीत लिहून दिलं.

दूध आणि औषध

गाडी विट्याला पोहोचायच्या आत दुसरी अडचण उभी राहिली. बाळाच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ‘गोळ्या चालू असतील तर अंगावरचं बंद करा.’ ते ऐकून बाईने गोळीच घेतली नाही. आई म्हणून उरलेलं एकच काम तिला जमत होतं, तेही सोडायचं? वहिनीने सांगलीला कळवलं. मानसोपचारतज्ज्ञांनी बालरोगतज्ज्ञांना स्वतः फोन केला. दिलेलं औषध सर्ट्रालिन होतं. दूध पाजणाऱ्या आईसाठी ते सहसा पहिल्या पसंतीचं, कारण दुधात फार कमी उतरतं. बाळाचं वजन आणि झोप बघत राहू, दूध चालू ठेवा, असं दोघांचं ठरलं. दोन डॉक्टरांमधला तो पाच मिनिटांचा फोन घडला नसता तर पहिलीच चिठ्ठी वाया गेली असती. पुष्कळ घरांत अशा वेळी गोळी फेकली जाते आणि डॉक्टरला कळतही नाही.

झोपेसाठी रात्रीचा एक पाळा वहिनीने घेतला. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचं आणि बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोपू द्यायचं. बाळाच्या आजीला हे पटायला वेळ लागला. ‘आम्ही नाही का उठलो?’ हा प्रश्न आठवडाभर चालला.

गाडीतली सत्रं

वहीतल्या मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला वहिनीने सुरुवातीला फोन लावला तेव्हा विचारलेल्या गोष्टी मी जशाच्या तशा देतो, कारण कुणालाही उपयोगी पडतील. तुमचं नोंदणीचं काय? बाळंत झालेल्या बायकांबरोबर काम केलंय का, का फक्त मुलांचं आणि जोडप्यांचं? सांगलीच्या डॉक्टरांशी बोलाल का? बाळ मांडीवर असलं, मधेच पाजावं लागलं तर चालेल का? सत्र रद्द झालं तर पैसे? आणि ही दोनेक महिन्यांनी पुण्याला जाणार, तेव्हाही तुम्हीच राहाल का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ मिळालं. ते नाव तिथेच पक्कं झालं असं वहिनीला वाटलं, पण तिने नणंदेला विचारलं, ‘ताई, एकदा बोलून बघा. नाही पटलं तर दुसरं बघू.’

व्हिडिओ सत्रांची खरी अडचण नेटवर्कची नव्हती, भिंतींची होती. माहेरचं घर मोठं पण दारं उघडी. कोण कधी डोकावेल सांगता येत नाही. मग सत्रं अंगणात उभ्या असलेल्या चुलत्यांच्या गाडीत होऊ लागली. काचा वर, बाळ मांडीवर, वहिनीचा मुलगा बाहेरून काचेवर बोटांनी चित्रं काढतोय. मानसशास्त्रज्ञांनी भूतकाळ खणायची घाई केली नाही. आधी दिवसाचा आराखडा : सकाळी उन्हात दहा मिनिटं, एक जेवण सगळ्यांबरोबर, बाळाच्या आंघोळीला आईशेजारी नुसतं बसायचं. मग टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने : जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाळाला घेऊन उभं राहायचं, भीती येऊ द्यायची, ओसरेपर्यंत तिथेच. घरच्यांना निरोप गेला की ‘काही होत नाही’ असं दर वेळी समजावू नका आणि बाळ हातातून काढून घेऊ नका. सगळ्यांना उलट वाटणारा हा निरोप होता. पण टाळण्याने भीती पोसली जाते.

आशाताई अधूनमधून डोकावत राहिल्या, बेचाळीस दिवसांपर्यंतच्या भेटी संपल्या होत्या तरी. हे तुच्छतेने घेण्यासारखं नाही. पाकिस्तानात मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी नैराश्य असलेल्या आयांना घरी जाऊन मदत केली. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. पुढे गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने तीच पद्धत साध्या शेजारपाजारच्या बायकांकडून, ‘सखीं’कडून, राबवून पाहिली. परिणाम माफक होते, जादू नव्हती. पण तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ नसतो, सखी मिळू शकते.

औषधाला तीनेक आठवड्यांनी गुण दिसू लागला. साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशी तिने बाळाला स्वतः धरलं.

परत पुण्याला

चौथ्या महिन्यात सासरी जायचं ठरलं, आणि धागा दुसऱ्यांदा सुटायची वेळ आली. या खेपेला तो मुद्दाम बांधला. सांगलीच्या डॉक्टरांनी एक पानाचं पत्र दिलं : निदान, औषध, मात्रा, मावशीचा इतिहास, काय दिसलं तर घाई करायची. पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ निघण्याआधीच घेतली होती, गोळ्या सहा आठवड्यांच्या बरोबर होत्या. मानसशास्त्रज्ञ तेच राहिले. वहिनीच्या जागी कोण, हा प्रश्न होता. उत्तर नवरा. त्याला एका सत्रात बोलावलं तेव्हा त्याने भावनांचं काही विचारलं नाही. ‘रात्रपाळीच्या आठवड्यात बाळाचा पाळा कोण घेणार?’ एवढंच विचारलं. प्रश्न बरोबर होता. त्याने दोन महिने दिवसपाळी मागून घेतली.

पैशांचं थोडक्यात. विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा असं २०१७चा कायदा म्हणतो. पण दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत मुळातच नसतो. तो खिशातूनच गेला. सरकारी रुग्णालयांतले मानसोपचार विभाग स्वस्त आहेत, तिथे रांगेत वेळ जातो एवढंच. नोकरीबाबत मात्र एक गोष्ट कामाची ठरली : २६ आठवड्यांच्या पगारी रजेशिवाय बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी जादा एक महिन्यापर्यंत पगारी रजा कायद्यात आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. कंपनीच्या एचआरला ही तरतूद माहीत नव्हती; नवऱ्याने छापून नेली.

सासूबाईंना काय सांगायचं यावर दोन सत्रं गेली. शेवटी ‘बाळंतपणाचा अशक्तपणा, डोक्याला आराम पडायच्या गोळ्या’ इतकं सांगायचं ठरलं. मला हे पूर्ण पटत नाही. पण तिथे राहायचं तिला होतं. तिच्या आजाराची माहिती तिच्या संमतीशिवाय घरच्यांनाही न देणं मानसशास्त्रज्ञांवर सर्वसाधारणपणे कायद्याने बंधनकारक आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि रोज सकाळी भिजवलेले बदाम द्यायला सुरुवात केली.

आताची स्थिती

मुलगी अकरा महिन्यांची. मापनीचे गुण ७. दहाव्या प्रश्नाला शून्य. ती कामावर रुजू झाली आहे, सत्रं महिन्यातून एक. औषध पुण्याच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. ते मनाने बंद करायचं नाही, हे विसाव्या वर्षीच्या अनुभवाने आता नवऱ्यालाही ठाऊक आहे. मधे बाळाला ताप आला त्या आठवड्यात विचार परत आले होते, चार-पाच दिवस राहिले. जिना टाळायला लागल्याचं तिचं तिलाच लक्षात आलं.

दुसऱ्याचा विषय सासूबाईंनी काढलाच आहे. डॉक्टरांचं म्हणणं, दिवस राहायच्या आधी भेटा, कारण कोणतं औषध चालू ठेवायचं ते तेव्हाच ठरवता येतं आणि पुन्हा त्रास होण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त धरावी लागते. दुसरं बाळंतपण रीतीप्रमाणे सासरी, म्हणजे गाव बदलायचं नाही, डॉक्टर तेच. पण या खेपेला रात्री शेजारी असणाऱ्या सासूबाईंना कॉलेजचं आजारपण अजून माहीत नाही. ते सांगायचं का, कुणी आणि कधी, हा पुढच्या दोन सत्रांचा विषय आहे. दुसऱ्या सत्राला नवऱ्यालाही बोलावलं आहे.